हॅलो, हॅलो, मुलगी पळाली होती

“पळाली.”

“पळवली.”

“अहो, तिचा बाप सकाळी माझ्या दारात उभा राहून रडला. पळाली म्हणाला. मी तेच सांगितलं.”

“बाप गांगरलाय. गांगरलेल्या माणसाला शब्दाचं भान नसतं. तू आता परत सांग. पळवली.”

“कुणी?”

“ते लोकांना कळतं.”

दोन जाणते बाप्ये एका अक्षरावरून भांडत होते आणि मी भिंतीच्या अलीकडे गुडघ्यांवर बसून प्रार्थनाघराची फरशी पुसत होते. त्या आठवड्यात पाळी माझी होती. आमच्या टेकडीवरच्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. देव सगळ्यांचा असला तरी फरशी बायकांची. भिंत म्हणजे तरी काय, फळ्यांचं पार्टिशन. पलीकडच्या खोलीत मोडक्या खुर्च्या, गुंडाळलेल्या सतरंज्या आणि लाउडस्पीकरचं मशीन. त्या मशीनचा धनी म्हणजे माझा धाकटा दीर. त्याच्याशी भांडत होते ते आमचे धर्मगुरू. त्यांना लहानमोठे सगळे ‘थोरले’ म्हणत.

मी शाळेत गेले ती बाराखडी संपेपर्यंत. पुढे पाठच्या भावाला सांभाळायला घरी बसवली. म्हणून अक्षरांचं मला अजून कौतुक आहे, एकेक अक्षर मी कोरल्यासारखं काढते. फक्त ‘व’ आला की हात अडखळतो. एवढंसं गोल पोट आणि शेजारी एक काठी. त्या काठीनं काय काय केलं ते मी या डोळ्यांनी बघितलंय.

दिराचं खरं नाव घरातसुद्धा कुणी घेत नसे. सगळ्या गावाचा तो ‘हॅलो’. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो हाफ चड्डीत होता आणि तेलाचं नरसाळं तोंडाला लावून गल्लीभर ओरडत फिरायचा. सासूबाई तेल ओतायला बसल्या की नरसाळं गायब. पुढे नरसाळ्याचे कर्णे झाले, कर्ण्यांना मशीन आलं, मशीनला वायर आली, आणि आमच्या माळ्यावर बसायला जागा राहिली नाही. लग्न त्यानं केलं नाही. दोन-तीन मुली सांगून आल्या. तर हा बघायला गेला की मुलीच्या आवाजाकडेच लक्ष. “वहिनी, आवाज नाकातून येतो हो तिचा,” म्हणून एकीला नाही म्हणाला. त्या मुलीला बिचारीला सर्दी झाली होती.

रोज कर्ण्याखाली उभं राहून कान गेलेले, त्यामुळे हा घरातही सभेत बोलल्यासारखा बोलायचा. गुपित म्हणून राहायचं नाही. मला दिवस राहिले तेव्हा “वहिनी, वांत्या थांबल्या का?” असं यानं जिन्यातून विचारलं आणि माझ्या नवऱ्याच्या आधी खालच्या मजल्याला बातमी कळली.

हरवलेली बकरी, सापडलेली छत्री, नळाला पाणी येणार नाही, जुन्या सामानाचा लिलाव, लग्न, सभा, सगळीकडे हॅलो. एका लग्नात त्यानं गंभीर आवाजात पुकारलं होतं, “नवऱ्या मुलाचा उजवा बूट सापडला आहे. त्यानं डाव्या बुटासह येऊन ओळख पटवावी.” नवरी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

कामाला बसला की मात्र थट्टा नाही. कर्णे बांधायचे, वायर सोडायची, माईकवर नखानं टकटक करायचं, मग दोनदा हॅलो म्हणून एक, दोन, तीन. चार कधी म्हणायचा नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाला, “वहिनी, चार म्हटलं की लोकांना वाटतं कार्यक्रम सुरू झाला.”

आमचं गाव उतारावरचं. वर टेकडीवाले, खाली नदीवाले. दोघांचे देव वेगळे, प्रार्थनेच्या वेळा वेगळ्या, आणि दोघांनाही आपापला देव बहिरा वाटत असावा, कारण कर्ण्याशिवाय त्याच्याशी कुणी बोलत नसे. दोन्हीकडे मशीन हॅलोचंच. आणि मशीन बिघडलं की ते जायचं खाली नदीवाल्यांच्या वस्तीत, रेडिओवाल्याकडे. हॅलो आणि रेडिओवाला एका वर्गातले, एका बाकावरचे, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. त्याच्या दुकानात दोघं तासन्‌तास एकेका तारेवर वाद घालत बसायचे. जेवायला बोलवायला मी माझ्या मुलीला धाडायची आणि तीही तिकडेच रमायची.

हे सगळं झालं त्याच्या जरा आधी आमच्या टेकडीवरचा कर्णा फाटल्यासारखा बोलायला लागला होता. थोरले प्रार्थना म्हणायचे आणि खाली उतरायची खरखर. रेडिओवाल्यानं त्याचा पडदा बदलून दिला. पडदा म्हणजे कर्ण्याच्या आत एक पातळ चकती असते, आवाज तिच्यावरून येतो. परत देताना तो म्हणाला, “घेऊन जा. आता टेकडीवर मुंगी शिंकली तरी मला इथे ऐकू येईल.”

कर्णा वर आला तेव्हा थोरल्यांनी विचारलं, “कुणाचा हात लागलाय याला?” हॅलोनं सांगितलं. थोरल्यांनी कर्ण्यावरचा हात मागे घेतला. मला म्हणाले, “ताई, तेवढा ओल्या फडक्यानं पुसून घ्या.”

आता पळालेल्या मुलीचं सांगते. ती कुलूपवाल्याची थोरली. कुलूपवाला आमच्या शेजारचा; त्याला कुलपांचा माल पुरवणारा एक व्यापारी होता, बायको वारलेला, पोट पुढे, केस मागे. त्याच्याशी पोरीचं लग्न ठरवत होते. पोरीनं आदल्या संध्याकाळी आमच्या जिन्यात मला हळूच विचारलं, “काकू, मावशीच्या गावाची पहिली बस कधी असते हो?” मी सांगितलं. सकाळी ती नव्हती. गावभर कुलपं विकणाऱ्याच्या घराला आतून नुसती कडी, ती तिनं काढली आणि गेली.

कुलूपवाला रडत हॅलोकडे आला. “पोरगी पळाली हो माझी. कुणाला दिसली तर… सांगा ना मशीनवर.” हॅलो तसाच उठून प्रार्थनाघरात गेला आणि त्यानं पुकारलं, “हॅलो. कुलूपवाल्यांची थोरली मुलगी घरातून पळाली आहे. कुणाला दिसल्यास कळवावं. वडील रागावलेले नाहीत.” हे शेवटचं त्याचं पदरचं. नळावरच्या बायका गालात हसल्या. एक म्हणाली, “त्या पोटल्याच्या गळ्यात पडण्यापेक्षा पळाली ते बरं.” झालं, एवढंच होतं. दुपारपर्यंत गाव विसरलं असतं.

तेवढ्यात थोरले आले आणि ते भांडण लागलं, जे मी फरशी पुसता पुसता ऐकलं.

“पळाली म्हटलं की अब्रू आपली जाते,” थोरले शांतपणे समजावत होते. त्यांचा आवाज फार गोड. “पळवली म्हटलं की त्यांची जाते. एवढी साधी गोष्ट तुझ्या डोक्यात शिरत नाही?”

“आणि मुलगी घरी आली मग?”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

“थोरले, मी बकरी हरवली तर हरवली म्हणतो. चोरली म्हणत नाही.”

“बकरी आणि आपली मुलगी सारखी?”

कुलूपवाला तिथेच एका मोडक्या खुर्चीवर बसला होता. फळ्यांच्या फटीतून मला दिसत होता. थोरल्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “पळवलीच असेल हो. माझी मुलगी तशी नाही.”

मी ओल्या हातांनी तशीच आत गेले. म्हटलं, “थोरले, पोरीनं काल मला बस विचारली. ती मावशीकडे गेलीय. कुणाला तरी बसनं धाडा, संध्याकाळपर्यंत तिला घेऊन येतील.”

थोरले माझ्याकडे बघून हसले. किती प्रेमानं हसले! “ताई,” म्हणाले, “बाहेर फरशी ओली राहिलीय. कुणी घसरेल.”

हॅलोनं मशीनची वायर उपटायला हात घातला. थोरल्यांबरोबर तिघं जण आले होते; दोघांनी त्याला दंडांना धरून खुर्चीवर बसवला आणि तिसऱ्यानं तोंडावर हात दाबला. तिघंही आमच्याच गल्लीतले, लहानपणी याच्या मागे ‘हॅलो हॅलो’ करत पळालेले. थोरल्यांनी माईक हातात घेतला. नखानं टकटक केलं, अगदी हॅलो करायचा तसं. आणि म्हणाले, “आपली एक मुलगी पळवली आहे.” मग जरा थांबून, “देव बघतो आहे. आता आपण काय करतो, तेही तो बघतो आहे.”

बस. जाळा म्हणाले नाहीत, मारा म्हणाले नाहीत. पुढे चौकशी झाली तेव्हा त्यांनी हेच सांगितलं आणि ते खरंच होतं. कुणी पळवली तेही म्हणाले नाहीत. ते त्या ‘व’मध्येच आलं होतं.

कर्ण्याचा पडदा नवा होता. जुना असता तर खरखरीत तो ‘व’ कुठल्या कुठे गेला असता आणि लोकांना वाटलं असतं की सकाळचंच परत सांगतायत. माझ्या डोक्यात हे इतक्या वेळा फिरलंय की आता त्याला धार उरलेली नाही.

लोक कसे निघाले ते मला सांगायचं नाही. पण कोण निघालं ते सांगते, कारण पुढे सगळे म्हणायला लागले की बाहेरचे लोक आले होते. बाहेरचं कुणी नव्हतं. ज्या सुतारानं माझ्या स्वयंपाकघरातलं फडताळ ठोकून दिलं होतं, तो होता, आणि हातोडी तीच होती. माझ्या मुलीला गणित शिकवणारा मास्तर होता. दूधवाला होता, वाटेत एका म्हातारीच्या दारात त्यानं कॅन ठेवला आणि म्हणाला, “आजी, जरा लक्ष ठेवा, आलोच.” दूध नासू नये याची काळजी होती त्याला.

हॅलोला सोडल्यावर तो उतारावरून खाली धावला. तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं. नदीवाल्यांची दुकानं पेटली होती, आणि रेडिओवाला दुकानाच्या पायरीवर पडला होता. कानाला लावायच्या हेडफोनच्या दोन वाट्या अजून गळ्यात अडकलेल्या. बाकी मी लिहीत नाही. हॅलोनंही मला कधी सांगितलं नाही. आणि त्याच्या पोटात एरवी काही राहायचं नाही.

माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ते मात्र रक्त नव्हे. ते मी बघितलंच नव्हतं. आमच्या प्रार्थनाघराच्या अंगणात एक नळ आहे. माणसं वर परत आली ती त्या नळाशी रांग लावून उभी राहिली. शिस्तीत, एकामागून एक. बाह्या वर करून हात धूत होती. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली होती ना! थोरले दारात उभे होते. म्हणत होते, “सावकाश. घाईनं नको. देवाच्या दारात घाण हातांनी येऊ नये.” शेजारीण माझ्याकडे पळत आली, “अगं, तुझ्याकडे साबण आहे का? तिथला संपला.” मी तिच्या तोंडावर दार लावलं. तिला शेवटपर्यंत कळलं नाही मी का रागावले. साबणासारख्या साध्या गोष्टीला नाही म्हणाली, असं ती बरीच वर्षं लोकांना सांगायची.

मग प्रार्थना झाली. नव्या पडद्यावरून. शब्द न्‌ शब्द ऐकू येत होता.

दोन-चार दिवसांनी कुलूपवाल्याची मुलगी बसमधून उतरली. हातात मावशीनं दिलेली पिशवी, पिशवीत नवं पोलकं आणि लोणच्याची बरणी. राग ओसरला होता, बापाची आठवण आली होती. उतारावर उभी राहून तिनं काळ्या पडलेल्या दुकानांकडे बघितलं आणि चहावाल्याला विचारलं, “काका, आग लागली होती का?” चहावाला कप विसळत राहिला. तिला कुणी काही सांगितलं नाही. सांगितलं ते मी, आमच्या जिन्यात, तिचा हात धरून. ती खाली बसली ती उठेना. पुढल्या महिन्यात बापानं तिला परत मावशीकडेच धाडून दिलं. आता ती कुणालाच डोळ्यांपुढे नको होती.

हॅलो थोरल्यांकडे गेला. मी बरोबर होते. तो म्हणाला, “मुलगी आली. आता एकदा मशीनवर सांगा, पळाली होती म्हणून. तुमच्याच तोंडानं सांगा.”

“झालं ते झालं,” थोरले म्हणाले. “आता त्यानं काय होणार? जखमा उकरू नयेत. मी शांततेसाठी खास प्रार्थना ठेवलीय. तू कर्णे बांध.”

“एक वाक्य आहे, थोरले.”

“तेच तर. एका वाक्यासाठी एवढा हट्ट का?”

जिना उतरताना हॅलो मला पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात म्हणाला की मला पुन्हा विचारावं लागलं. म्हणत होता, “एका अक्षरासाठी केला यांनी.”

हे टेकडीवाल्यांचं झालं. नदीवाल्यांना मी सोडणार नाही. काही महिन्यांनी त्यांच्या धर्मगुरूंनी त्यांच्या कर्ण्यावरून ‘न्याय’ असा शब्द काढला, आणि त्यांची माणसं वाटेत आमचा जो पहिला दिसला त्याच्यावर तुटून पडली. तो होता एक मुका कल्हईवाला. त्या दंगलीच्या दिवशी तो गावातसुद्धा नव्हता. तिथेही अंगणात नळ होता आणि तिथेही साबण होता. देव वेगवेगळे असतील, पण या दोघांनी साबण एकाच दुकानातून आणला असावा.

दोन्हीकडून हॅलोनं मशीन काढून आणलं. म्हणाला, बकऱ्यांचं सांगेन, बुटांचं सांगेन, देवाचं नाही. दोन्ही प्रार्थनाघरांनी स्वतःची मोठी मशीनं घेतली. मग एके दिवशी तो टेकडीवरचा कर्णा, तो नवा पडदावाला, खांद्यावर घेऊन तो खाली रेडिओवाल्याच्या बायकोकडे गेला. ती जळकं दुकान घासत होती. कर्णा तिच्यापुढे ठेवून म्हणाला, “हा घ्या. फोडा. पाहिजे तर माझ्या डोक्यात घाला.”

तिनं घातलाही असता. मी बघत होते, तिनं उचलला होता. मग खाली ठेवला आणि म्हणाली, “त्या दिवशी त्यांचं शब्दांकडे लक्षच नव्हतं. कामाला बसले होते, कानाला ते लावलेलं. वर आवाज झाला तशी वाट्या खाली घेतल्या आणि मला हाक मारली. म्हणाले, अगं ऐक, आवाज किती स्वच्छ येतोय! मी केलेला पडदा बघ.”

हॅलो कर्णा परत उचलायला वाकला.

“ते वाक्य यातूनच गेलं ना?” ती म्हणाली. “मग यातूनच परत येऊ दे. मला इथे, दुकानात बसून ऐकू आलं पाहिजे. तोवर माझ्याकडे माफीबिफी घेऊन येऊ नका.”

आता हा कसं सांगणार? प्रार्थनाघरात याला पाऊल टाकता येत नव्हतं. बाजारात उभं राहून सांगावं तर पोलीस उचलणार. जुनी भांडणं उकरायची नाहीत, असा हुकूमच निघाला होता. हा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी एका साखरपुड्याचं काम होतं. मी गेले होते, मुलीकडून लांबचं नातं होतं. यानं कर्णे बांधले, एक मांडवाकडे तोंड करून, आणि तिनं परत दिलेला तो पडदावाला खाली नदीकडे. मी मनात म्हटलं, नदीत कुणाला जेवायला बोलवायचंय? यानं माईक घेतला, नखानं टकटक केलं आणि नेहमीच्याच सपाट आवाजात म्हणाला,

“हॅलो, हॅलो. मुलगी पळाली होती. हॅलो.”

आणि माईक ठेवून वायर तपासायला वाकला.

एक, दोन, तीन गेलं ते गेलंच. त्या दिवसापासून जिथे म्हणून हॅलोनं मशीन लावलं, तिथे तपासायचे शब्द तेच. लग्न असो, लिलाव असो, लहान मुलांची पळण्याची शर्यत असो. त्या शर्यतीत तर एक पोर रडायलाच लागलं, “मी नाही पळाले, शिट्टी झालीच नाही!” पोलिसांनी एकदा बोलावून घेतलं. हा म्हणाला, “साहेब, मी कुणाचं नाव घेतलं? कुणाला काही करा म्हटलं? मी माईक तपासतो.” थोरल्यांनी चौकशीत जे सांगितलं होतं, शब्द जवळजवळ तेच. साहेबाला हसू आलं, सोडून दिलं.

सगळ्यांना हसू आलं असं नाही. एका लग्नात सुताराच्या भावांनी याला मांडवामागे नेला. परत आला तेव्हा तोंड रक्तानं भरलेलं आणि वरचे पुढचे दात नाहीत. मी मिठाचं पाणी देत होते. तो काहीतरी सांगायला बघत होता. “ओहिनी,” म्हणाला. वरचे दात खालच्या ओठाला टेकल्याशिवाय ‘व’ नीट निघत नाही, हे मला तेव्हा कळलं. “ओहिनी, आता त्यांनी म्हण म्हटलं तरी मला ते म्हणता येणार नाही!” आणि हसायला लागला. त्या फुटक्या तोंडानं. बाकीचं त्याचं बोलणं मी इथे नीट करून लिहिते, ओहिनी तेवढं आहे तसं ठेवते. मला पुढे सगळं आयुष्य त्यानं त्याच नावानं हाक मारली.

वर्षं गेली. ते वाक्य गावाच्या अंगवळणी पडलं. पोरं लपाछपी खेळताना ते म्हणायला लागली. कुलूपवाल्याची मुलगी एकदा स्वतःच्या मुलांना घेऊन आली. बाप आजारी होता. कुठल्याशा कार्यक्रमात तिनं ते ऐकलं आणि तणतणत आमच्या घरी आली.

“काका, लाज आणलीत मला. इतकी वर्षं झाली, अजून पळाली, पळाली! माझ्या मुलांसमोर?”

“तू पळालीस ते चांगलंच केलंस, पोरी. लाज तुझी नाही.”

“मग कशाला सांगता?”

त्यानं सांगितलं. रेडिओवाल्याच्या बायकोचं, पडद्याचं, सगळं. तिनं पदर खोचला. उठताना म्हणाली, “मग माईक जरा जवळ धरून म्हणत जा. मागच्यांना ऐकू येत नाही.”

थोरले मोठं वय होऊन गेले. अंथरुणात, उशीवर डोकं ठेवून, पोरानातवंडांच्या गराड्यात. त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या आला. गावानं लगेच त्याचं नाव ‘धाकले’ ठेवलं. वर्षानं मैदानात थोरल्यांच्या आठवणीची मोठी सभा ठेवली, आणि ऐन वेळी त्यांचं महागाचं मशीन भुंग्यासारखं गुणगुणायला लागलं. धाकले आमच्या दारात आले.

“काका, मागचं काय ते मागे. मैदानातली सभा आहे, प्रार्थनाघर नाही. तुमच्यासारखी साउंड गावात कुणाची आहे?”

“येतो की,” हॅलो म्हणाला.

मला वाटलं कान माझे गेले. धाकले वळल्यावर मी भांडीच आदळली. “भावोजी, दात पाडून घेतलेत, आता नाकही कापून द्या. त्या माणसासाठी कर्णा बांधणार तुम्ही?”

त्याला तेव्हा खोकल्यानं पुरता वाकवला होता. दोन पायऱ्या चढला की भिंत धरायचा. तो माळ्यावरून वायर काढत म्हणाला, “ओहिनी, कार्यक्रम कुणाचा का असेना. माईक तपासावा तर लागतोच.”

ते त्याचं शेवटचं काम ठरलं, म्हणून मला त्या संध्याकाळचं बारीकसारीक आठवतं. थोरल्यांचा दरवाजाएवढा फोटो, हार घातलेला. तेच हसू, ‘फरशी ओली आहे’वालं. पुढच्या रांगेत गावचे मानकरी. त्यात सुतारही होता, काठीवर हनुवटी टेकलेला. मास्तर होते; त्यांच्या छातीला कसलासा बिल्ला. हॅलोनं एक कर्णा लोकांकडे बांधला. दुसरा, तो जुना, नदीकडे. शिडी धरायला मीच. दोघांची मिळून हाडं अशी वाजत होती की माईकची गरज नव्हती.

मग तो माईकपाशी गेला. नखानं टकटक केलं.

“हॅलो, हॅलो. मुलगी पळाली होती. हॅलो.”

मी लोकांकडे बघत होते. इतकी वर्षं वाट बघितल्यासारखी बघत होते. कुणीतरी मान वर करेल, कुणीतरी निदान चुळबुळेल. एका बाईनं मुलाची कॉलर नीट केली. मास्तरांनी जांभई दिली. सुतारानं मान हलवली, पण ती त्याची हलायचीच. आणि धाकल्यांनी मंचावरून अंगठा दाखवला. खूष होऊन म्हणाले, “वा, काका! आवाज किती स्वच्छ येतोय!”

मला तो नळ आणि तो साबण आठवला. ज्यात ‘व’ घुसवल्यानं माणसं गेली, जे म्हणताना एकाचे दात गेले, जे ऐकायला एका बाईनं जळकं दुकान पुन्हा उभं केलं, ते वाक्य यांना माईकच्या खरखरीसारखं झालं होतं. खोटं बोललेलं यांना एकदाच ऐकून पाठ झालं होतं.

पुढे तासभर थोरले किती दयाळू होते ते सगळ्यांनी सांगितलं. हॅलो मशीनशेजारी स्टुलावर बसून आवाज कमीजास्त करत होता, प्रत्येकाचा सारख्याच काळजीनं. मी म्हटलं, “तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?” तो म्हणाला, “मी यांना सांगतच नाही, ओहिनी. मी खाली सांगतो.”

सभा संपली. उजेड होता अजून. त्यानं कर्णे उतरवले, वायर कोपर आणि अंगठ्यात घालून गुंडाळली, नेहमीसारखी, एकही पीळ न पडू देता. मशीन हातगाडीवाल्याबरोबर घरी धाडलं, आणि जुना कर्णा खांद्यावर घेऊन, माईकचा स्टँड काठीसारखा टेकत उतारावरून खाली निघाला. मी वायर घेऊन मागे. प्रत्येक कामानंतर तो कर्णा तिच्याकडेच जायचा. ठेवायची जागा तीच ठरलेली होती.

रेडिओवाल्याची बायको दुकानाची फळी लावत होती. ती आता स्वतःच दुरुस्ती करते. कानावर पेन्सिल खोचावी तसा स्क्रूड्रायव्हर खोचलेला. तिनं मागे न बघताच विचारलं, “आलात?”

“आलो. ऐकू आलं?”

“आलं.”

“नीट?”

“शेवटचं हॅलो जरा चिरकलं. पडद्याला पोचा आलाय बहुतेक. उद्या बघते. ठेवा तिथे.”

हॅलोनं कर्णा खांद्यावरून उतरवला, बाहीनं त्याचं तोंड पुसलं, आणि धूळ जाऊ नये म्हणून नेहमी ठेवायचा तसा पायरीच्या आत, भिंतीला टेकवून, पालथा ठेवला.